रातोरात 40 टक्के निर्यात शुल्क: सरकारला हा अधिकार येतो कुठून?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: 19 ऑगस्ट 2023 ला, शनिवारी, केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. तुमच्या वडिलांचे दोन कंटेनर तेव्हा न्हावाशेवाला पोहोचले होते, शिपिंग बिलही (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे द्यायचा अर्ज) भरलेलं होतं, तरी शुल्क भरावं लागलं. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही, आधी सूचना नाही. सरकार असा कर लावू शकतं का, आणि बंदरात उभ्या असलेल्या मालाला तो लागू होतो का?

मी आयात-निर्यातीच्या मालाची सीमाशुल्काची कामं करतो, आणि अशा अधिसूचनांच्या रात्री माझं निम्मं आयुष्य गेलंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुतांशी "हो" असंच आहे. पण त्या "हो"ला बऱ्याच अटी आहेत, आणि व्यापाऱ्याचा जीव त्या अटींमध्येच अडकलेला असतो.

सुरुवात संविधानापासून करू, कारण पाया तिथे आहे. अनुच्छेद 265 सांगतो की कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. "बसवणं" आणि "वसूल करणं" हे दोन्ही शब्द तिथे आहेत आणि दोन्हींना वजन आहे. कर लावणारा कायदा बरोबर असला, पण वसुली कायद्याच्या चौकटीबाहेर झाली, तरी ती टिकत नाही. दुसरी गोष्ट सातव्या अनुसूचीची. संघ सूचीतली नोंद 83 सीमाशुल्काची, आणि त्यात निर्यात शुल्काचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हा विषय पूर्णपणे केंद्राचा. राज्य सरकारने ठरवलं तरी ते कांद्यावर निर्यात शुल्क लावू शकत नाही आणि माफही करू शकत नाही. शेतकरी मोर्चा घेऊन मंत्रालयावर जातात तेव्हा मुंबईतून फार तर दिल्लीला पत्र जाऊ शकतं.

असा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतो, पण त्याला संविधान बदलावं लागतं. दहिसर, मुलुंड, वाशीच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा आठवत असतील. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर लावण्याचा विषय राज्य सूचीत नोंद 52 म्हणून होता. 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने ती नोंद काढली, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर मुंबई महापालिकेची जकात बंद झाली.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. अधिकार केंद्राचा, पण केंद्राचा म्हणजे संसदेचा. मग अर्थ मंत्रालयातून शनिवारी निघालेल्या एका कागदाने शुल्क कसं लागलं? कारण संसदेनेच कायदा करून तशी मुभा दिली आहे. 1975 चा सीमाशुल्क दर अधिनियम, ज्याला आम्ही सगळे टॅरिफ ॲक्ट म्हणतो, त्याला दोन अनुसूच्या आहेत. पहिलीत आयात शुल्काचे दर, दुसरीत निर्यात शुल्काचे. कलम 8 म्हणतं की एखाद्या वस्तूवर निर्यात शुल्क लावायला किंवा वाढवायला हवं आणि तातडीने पाऊल उचलावं अशी परिस्थिती आहे, असं केंद्र सरकारचं समाधान झालं, तर सरकार राजपत्रात अधिसूचना काढून दुसरी अनुसूची बदलू शकतं. आयात शुल्क वाढवण्यासाठी असंच कलम 8अ आहे.

हे कलम ठेवण्यामागे कारण आहे, आणि ते मला पटतं. पुढच्या महिन्यात शुल्क लागणार असं आज जाहीर केलं, तर मधल्या दिवसांत सगळा माल बाहेर जाईल किंवा आत येईल, आणि ज्यासाठी शुल्क लावायचं तो हेतूच मरेल. म्हणून दराची गुप्तता आणि झटका हे सीमाशुल्काच्या स्वभावातच आहेत. अर्थसंकल्पाच्या दिवशीही तेच होतं. वित्त विधेयक मंजूर व्हायला आठवडे लागतात, पण त्यातल्या घोषणेमुळे वाढलेले दर त्याच मध्यरात्रीपासून वसूल होऊ लागतात. त्यासाठी 1931 पासून वेगळा कायदा होता, 2023 मध्ये त्याच्या जागी नवा आला. विधेयक मंजूर झालं नाही तर ही तात्पुरती वसुली 75 व्या दिवशी थांबते.

मग संसदेचं काय? कलम 8 खालची अधिसूचना संसदेपुढे ठेवावी लागते. अधिवेशन चालू नसेल तर पुढचं अधिवेशन भरल्यापासून सात दिवसांत, आणि लोकसभेपुढे ठेवल्यापासून पंधरा दिवसांत मंजुरीचा ठराव मांडावा लागतो. 2023 चं पावसाळी अधिवेशन 11 ऑगस्टला संपलं होतं आणि अधिसूचना आली 19 ला. त्यामुळे त्या वेळी सभागृहात प्रश्न विचारायला कोणी बसलेलंच नव्हतं. पुढचा भाग नीट वाचा, कारण फार थोड्या निर्यातदारांना तो माहीत असतो. संसदेने ती अधिसूचना बदलली किंवा रद्द केली, तरी तोपर्यंत तिच्याखाली जे झालं ते वैधच राहतं. म्हणजे संसद नंतर "नाही" म्हणाली तरी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. संसदेचं नियंत्रण आहे, पण ते पुढच्या दिवसांसाठी.

कमी करण्याचा रस्ता याहून सोपा आहे. सीमाशुल्क अधिनियम 1962 च्या कलम 25 खाली सरकार लोकहितासाठी शुल्कातून पूर्ण किंवा अंशतः सूट देऊ शकतं. व्यवहारात आपण जो दर भरतो तो बहुतेक वेळा अनुसूचीतला मूळ दर नसतो, तर कलम 25 च्या सूट अधिसूचनेने खाली आणलेला दर असतो. यामुळे सरकारच्या हातात आणखी एक किल्ली येते: अनुसूचीत छापलेला दर तसाच ठेवायचा आणि सूट कमी-जास्त करायची. सूट काढली की प्रत्यक्षात शुल्क वाढतं, पण कायद्याच्या भाषेत दरवाढ झालेली नसते. म्हणून ठरावाची अटही लागत नाही. फक्त अनुसूचीतल्या दराच्या वर जायचं असेल तरच 8, 8अ किंवा वित्त विधेयक लागतं.

खाद्यतेलाचं बघा. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क 14 सप्टेंबर 2024 पासून शून्यावरून 20 टक्के झालं, आणि 2025 च्या मे अखेरीस ते 10 टक्क्यांवर आलं. लातूर, वाशिमकडच्या सोयाबीनवाल्याला पहिल्या निर्णयाने आशा दिली, दुसऱ्याने ती अर्धी काढून घेतली. सोन्याचं शुल्क जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात 15 टक्क्यांवरून 6 वर आलं. ज्या सराफाने आठवडाभर आधी शुल्क भरून माल सोडवला, त्याला त्या 9 टक्क्यांची भरपाई कुठून मिळणार? कुठूनही नाही.

"पण सरकारनेच अमुक तारखेपर्यंत सूट राहील असं लिहून दिलं होतं" हा युक्तिवाद मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकतो. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं 1994 चं कासिंका ट्रेडिंगचं प्रकरण ठाम उभं आहे. पीव्हीसी रेझिनच्या आयातीवर 31 मार्च 1981 पर्यंत पूर्ण सूट होती, ती सरकारने ऑक्टोबर 1980 मध्येच मागे घेतली. आयातदार म्हणाले, आम्ही तुमच्या शब्दावर सौदे केले. न्यायालयाने सांगितलं की सूट लोकहितासाठी दिली जाते आणि लोकहितासाठी ती मुदतीआधी काढूनही घेता येते, सरकारला त्या तारखेशी बांधून ठेवता येणार नाही. व्यापाऱ्यांना हा निकाल कडू लागतो, पण आजही कायदा तोच आहे. सूट अधिसूचनेतली तारीख म्हणजे "याच्या पुढे नाही" एवढंच समजा.

आता तुमच्या दोन कंटेनरांचा खरा प्रश्न: दर कुठल्या क्षणाचा?

सीमाशुल्क अधिनियमाचं आयातीसाठी कलम 15 आणि निर्यातीसाठी कलम 16 हे ठरवतं. निर्यातीत सौदा कधी झाला, ट्रक निफाडहून कधी निघाला, कंटेनर बंदराच्या फाटकातून कधी आत आला, शिपिंग बिल कधी भरलं, यातलं काहीही निर्णायक नाही. कलम 51 खाली अधिकारी माल जहाजावर चढवायची परवानगी देतो, ज्याला आपण लेट एक्स्पोर्ट ऑर्डर किंवा नुसतं एलईओ म्हणतो, त्या आदेशाच्या तारखेचा दर लागतो. तुमच्या वडिलांचं शिपिंग बिल शुक्रवारी भरलं होतं, पण एलईओ तोवर आला नसावा. म्हणून 40 टक्के.

आकड्यात मांडतो. समजा एका रेफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये 28 टन कांदा, एफओबी भाव, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतचा भाव, किलोला 30 रुपये. मालाची किंमत झाली 8 लाख 40 हजार, आणि त्यावर 40 टक्के म्हणजे 3 लाख 36 हजार. कांद्याच्या निर्यातीत किलोमागे दोन-तीन रुपये सुटले तरी माणूस खूश असतो. हा आकडा त्या सौद्याचा नफा तर खातोच, भांडवलातही हात घालतो. दुबईचा किंवा कोलंबोचा खरेदीदार ठरलेल्या भावावर अडून बसला, तर माल परत नेणं परवडत नाही आणि पुढे पाठवणंही परवडत नाही.

आयातीचा नियम वेगळा. देशात वापरण्यासाठी माल सोडवताना बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा सीमाशुल्काकडचा अर्ज, सादर केल्याच्या तारखेचा दर लागतो. पण जहाज यायच्या आधीच बिल भरलं असेल, तर ते जहाजाच्या आवक नोंदीच्या दिवशी भरलं असं मानलं जातं. म्हणजे आगाऊ बिल भरून दर पक्का करता येत नाही. बॉण्डेड गोदामात, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवता येतो अशा गोदामात, ठेवलेल्या मालाला तर गोदामातून काढण्यासाठी बिल भरतो त्या दिवसाचा दर. एका जुन्या प्रकरणात हा नियम किती निष्ठुर असू शकतो ते दिसतं. जुलै 1981 मध्ये खाद्यतेल घेऊन आलेलं जहाज मुंबईत पोहोचलं, पण धक्क्याला जागा नव्हती म्हणून ते कराचीला गेलं आणि त्याच महिन्यात परत आलं. मधल्या दिवसांत शुल्क 12.5 टक्क्यांवरून 150 टक्के झालं. आयातदार म्हणाला, जहाज पहिल्यांदा आलं तो दिवस धरा. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये तो मुद्दा फेटाळला. माल उतरवण्यासाठी जहाज प्रत्यक्ष आलं तेव्हाची आवक नोंद धरली आणि 150 टक्के कायम झाले.

व्यापाऱ्याच्या बाजूने लागलेला सगळ्यात मोलाचा निकाल मात्र सीमेवरून आला. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामाचा हल्ला झाला. 16 तारखेला सरकारने कलम 8अ वापरून पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर 200 टक्के शुल्क लावलं. अधिसूचना ई-राजपत्रावर चढली रात्री 20 वाजून 46 मिनिटं 58 सेकंदांनी. अटारीच्या सीमाशुल्क ठाण्यावर त्याच दिवशी, पण त्या क्षणाच्या आधी, आयातदारांनी बिल ऑफ एन्ट्री भरून स्वतःचं शुल्क निर्धारणही पूर्ण केलं होतं. माल आलेला होता. खात्याचं म्हणणं, अधिसूचना 16 तारखेची आहे, म्हणजे 16 तारीख सुरू झाली तेव्हापासूनच 200 टक्के. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही, आणि 23 सप्टेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने, जीएस चाथा राइस मिल्सच्या प्रकरणात, आयातदारांच्या बाजूने निकाल दिला. राजपत्र आता इलेक्ट्रॉनिक आहे, त्यावर सेकंदापर्यंतची वेळ उमटते, आणि बिलावरही उमटते. मग अधिसूचना प्रसिद्ध व्हायच्या आधीच्या तासांना ती लागू करता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

देशाच्या सुरक्षेच्या प्रश्नातून आलेला निर्णय, त्यावर देशभर संताप, आणि तरीही न्यायालयाने अधिसूचनेच्या घड्याळाकडे पाहून निकाल दिला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अनुच्छेद 265 मधला "वसूल करणं" हा शब्द इथे खऱ्या अर्थाने कामी आला.

यातून माझ्या कार्यालयात एक सवय पक्की झाली आहे. संवेदनशील मालाची कोणतीही अधिसूचना आली की तिची ई-राजपत्रावरची डिजिटल स्वाक्षरी असलेली प्रत वेळेसकट जतन करायची, आणि आइसगेटवरची (सीमाशुल्काच्या ऑनलाइन पोर्टलवरची) आमच्या प्रत्येक बिलाची स्थिती त्याच वेळी छापून ठेवायची. महिन्याभराने वाद सुरू होतो तेव्हा कोण काय बोललं हे कोणी विचारत नाही, कागदावरची वेळ विचारतात.

आता सरकारशी माझं जिथे खरंच भांडण आहे ते सांगतो. 19 ऑगस्टच्या निर्णयात बंदरात आलेल्या कांद्याला काही सवलत नव्हती. सहा दिवसांनी, 25 ऑगस्टला, उकड्या तांदळावर 20 टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा मात्र बंदरात आलेला, एलईओ न मिळालेला आणि 25 ऑगस्टपूर्वीच्या वैध लेटर ऑफ क्रेडिटचा (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीचा) आधार असलेला माल शुल्कातून वगळला गेला. पुढे 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातच बंद झाली. तो आदेश विदेश व्यापार महासंचालनालयाचा होता, वेगळ्या कायद्याखाली. त्यात मात्र ज्याचं लोडिंग सुरू झालंय, ज्याचं शिपिंग बिल भरून जहाज बंदरात आलंय, किंवा जो माल आदेशापूर्वी सीमाशुल्काच्या ताब्यात दिलाय, त्याला ठराविक मुदतीत जाऊ दिलं.

म्हणजे वाटेवरच्या मालाला वाचवता येतं, ते कसं वाचवायचं हेही सरकारला माहीत आहे. फक्त ते प्रत्येक वेळी सरकारच्या मर्जीवर आहे. माझं ठाम मत असं की कलम 8 मध्येच तरतूद हवी: अधिसूचनेच्या क्षणी जो माल सीमाशुल्क क्षेत्रात दाखल आणि संगणकात नोंदलेला आहे, त्याला जुना दर. असा माल साठेबाजीचा नसतो. तो कुणाचा तरी पूर्ण झालेला सौदा असतो, आणि देशातला भाव खाली आणायला त्या दोन-चार दिवसांच्या मालाने काही फरक पडत नाही. नाशिवंत माल असेल तर हे दुप्पट खरं. कांदा रेफरमध्येही फार दिवस वाट पाहत नाही, आणि तोवर रेफरच्या विजेचं बिल आणि जागेचं भाडं रोज चढत राहतं.

पुढचा क्रमही ध्यानात ठेवा, म्हणजे धोरण किती वेळा वळलं ते कळेल. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शुल्काऐवजी टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, मग डिसेंबरात बंदी, 4 मे 2024 ला बंदी उठली पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क, 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्के झालं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य. वीस महिन्यांच्या आत एवढं. प्रत्येक पावलाला कायद्याचा आधार होता. कायदेशीर असणं आणि शहाणपणाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लासलगावच्या बाजारात त्या दोन्हींची किंमत एकच माणूस मोजतो.

तुम्ही आता स्वतः निर्यातीत उतरताय, म्हणून दोन-तीन गोष्टी कामाच्या.

खरेदीदाराशी करार करताना शुल्क बदललं तर बोजा कोणावर, हे एका वाक्यात लिहून घ्या. करार भारतीय कायद्याखाली असेल आणि त्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर माल विक्री अधिनियम 1930 चं कलम 64अ तुमच्या मदतीला येतं. करारानंतर सीमाशुल्क लागलं किंवा वाढलं तर विक्रेता तेवढी रक्कम किमतीत वाढवू शकतो, आणि कमी झालं तर खरेदीदार वजा करू शकतो. पण परदेशी खरेदीदाराच्या छापील करारात बहुतेक वेळा "सर्व शुल्कं विक्रेत्याकडे" असं ओळीत दडलेलं असतं आणि कायदाही तिकडचा असतो. ती ओळ सही करण्याआधी शोधा.

शुल्क चुकीचं लावलंय असं वाटलं तर निषेध नोंदवून भरा आणि सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 17(5) खाली कारणांसह लेखी आदेश मागा. तोंडी "साहेब बघू" यावर माल सोडवून घरी जाऊ नका. आदेश हाती आल्यापासून आयुक्त (अपील) यांच्याकडे जायला 60 दिवस, आणि सबळ कारण असेल तर आणखी 30. नुसता परताव्याचा अर्ज भरून काम होत नाही. 2019 च्या आयटीसीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आधी शुल्क निर्धारण बदलून घ्यायला हवं, मग परतावा.

तुमच्या वडिलांच्या कंटेनरांबद्दल. दोन्ही शिपिंग बिलं काढा आणि एलईओची तारीख व वेळ पाहा. तो 19 ऑगस्टची अधिसूचना राजपत्रावर यायच्या आधीचा निघाला, तर शुल्क लागायलाच नको होतं. अपिलाची मुदत गेली असली तरी कलम 149 आणि 154 खाली दुरुस्ती मागता येते, आणि आयटीसीच्या निकालानंतरही हा मार्ग खुला असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये डायमेन्शन डेटाच्या प्रकरणात म्हटलंय. एलईओ नंतरचा असेल, तर शुल्क बरोबर वसूल झालं आहे आणि त्यासाठी वकिलाची फी भरू नका.

बिलांच्या प्रतींवरची वेळ कळवलीत तर पुढचं सांगतो.